पाहण्याची साधना

अहिल्यानगरहून बीडकडे जाणारा रस्ता कडा आणि आष्टी ही बीड जिल्ह्यातली गावे घेत पुढे सरकतो, जामखेडपाशी पुन्हा नगर जिल्ह्यात शिरतो आणि सौताड्याच्या बाजूने पाटोदा तालुक्यातून परत बीडच्या हद्दीत येतो. जिल्ह्यांची ही सीमा नकाशावर ठळक असली तरी सोयरीक, बाजार आणि दवाखाना या तिन्ही बाबतींत आष्टी-पाटोद्याच्या गावांना ती फारशी जाणवत नाही. दोन्हीकडचा मुलूख पर्जन्यछायेतला, बालाघाटाच्या हलक्या, उथळ जमिनीचा आहे, आणि सौताड्याजवळ दरीत कोसळणारी विंचरणा पावसाळा सरला की कृश होते. या पट्ट्यात ख्रिस्ती समाज संख्येने अत्यल्प आहे. बीड जिल्ह्याच्या लोकसंख्येत त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कितीतरी कमी भरतो. तरीही ख्रिस्ती प्रार्थना आणि ख्रिस्ती सेवा यांची एकमेकींत झालेली गुंफण तपासायची असेल, तर मराठी प्रदेशात याहून उचित जागा क्वचितच सापडेल, कारण येथे प्रार्थनेला भव्य मंदिराचा आधार नाही, सेवेला संपन्नतेचा आधार नाही, आणि दोन्ही गोष्टी घराच्या ओट्यावर, विहिरीच्या काठावर आणि आजारी माणसाच्या बाजेशेजारी घडतात.

ख्रिस्ती भक्तिशास्त्रात ‘सान्निध्य’ या शब्दाने देवाचे जवळ असणे आणि त्या जवळ असण्याची माणसाला होणारी जाणीव, असे दोन्ही अर्थ सूचित होतात, आणि या दोहोंत नेहमी भेद केला जातो. देव सर्वत्र आहे, त्याला कोठून बोलावून आणावे लागत नाही, हे गृहीत धरूनच ख्रिस्ती प्रार्थना सुरू होते. उणीव असते ती जाणिवेची. म्हणून प्रार्थनेचे मुख्य काम देवाचे लक्ष माणसाकडे वेधणे हे असल्याची जी लोकप्रिय समजूत आहे, ती या परंपरेतील जाणत्या लेखकांनी सहसा मान्य केलेली नाही. प्रार्थनेने माणसाचे लक्ष वळते, स्थिर होते, आणि ज्या गोष्टींकडे त्याने पाठ फिरवली होती त्या त्याला दिसू लागतात. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे जे चित्र आहे त्याचा रोख हाच आहे: भुकेलेल्याला अन्न देणारे आणि न देणारे, दोघेही राजाला आश्चर्याने विचारतात की आम्ही तुला केव्हा पाहिले, आणि राजा स्वतःला त्या भुकेलेल्याच्या, परक्याच्या, रोग्याच्या आणि बंदिवानाच्या ठायी दाखवून देतो. तेथे कोणाच्याही श्रद्धेच्या तीव्रतेची चौकशी होत नाही. चौकशी होते ती कोणाच्या जवळ कोण गेले याची. प्रार्थना आणि सेवा यांना जोडणारा दुवा या चित्रात आहे, आणि बीड-जामखेडच्या सीमेवर त्याचे जे रूप आढळते ते या अर्थाने पाहण्याची साधना आहे.

या साधनेचे पहिले स्थान घर आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ‘कुटुंबप्रार्थना’ म्हणून ओळखली जाणारी उपासना बहुधा संध्याकाळी, जनावरांचे पाणीवैरण आटोपल्यावर आणि जेवणाआधी होते. घरातील वडीलधारी व्यक्ती, आणि अनेक घरांत आजी, पवित्र शास्त्रातील एखादा उतारा वाचते किंवा शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून वाचवून घेते. त्यानंतर एखादे गीत म्हटले जाते, आणि मग प्रार्थना होते. प्रार्थनेला पाठ केलेला मजकूर नसला तरी तिला घाट असतो. आधी स्तुती येते, नंतर पापांगीकार, म्हणजे स्वतःच्या चुकांची देवापुढे कबुली; त्यानंतर उपकारस्मरण, आणि शेवटी मध्यस्थी, म्हणजे स्वतःला वगळून इतरांसाठी केलेली विनंती. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना सर्वांनी मिळून म्हटली की उपासना संपते, आणि पाहुणा आलेला असेल तर त्याच्याशी ‘सलाम’ होतो, जो मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचा आपसातला रूढ नमस्कार आहे.

या चार भागांपैकी उपकारस्मरण आणि मध्यस्थी यांच्याकडे अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. उपकारस्मरणात ज्या गोष्टींची नावे घेतली जातात त्या विलक्षण बारीक असतात: टँकर वेळेवर आला, शेळीला दोन करडे झाली, पोराचा ताप उतरला, मुकादमाने हिशोब चोख केला. मोठ्या चमत्कारांची नोंद क्वचित होते. कोरडवाहू शेतीत ज्याचे पीक दर तीन वर्षांतून एकदा हातचे जाते, त्याच्या तोंडी ही यादी भाबडी वाटण्याचा संभव आहे. परंतु ती यादी करण्यासाठी दिवसभरात घडलेल्या गोष्टी मनात परत आणाव्या लागतात, त्यांतील कोणती आपल्या कर्तृत्वाची आणि कोणती केवळ मिळालेली, हे निवडावे लागते, आणि ही निवड रोज करणाऱ्या माणसाची दृष्टी हळूहळू बदलते. मध्यस्थीत तर नावेच असतात. अमक्याची सून दिवसांत आहे, तमक्याच्या म्हाताऱ्याचा खोकला राहत नाही, कोपऱ्यावरच्या घरातला कर्ता पुरुष पिऊन घरी येतो, अशी ती मागणी असते, आणि ज्यांची नावे घेतली जातात त्यांत बहुसंख्य शेजारी ख्रिस्ती नसतात. प्रार्थनेचा खरा कस येथे लागतो असे मानण्यास आधार आहे. रात्री ज्याचे नाव देवापुढे घेतले त्याच्या दारावरून सकाळी मान खाली घालून निघून जाणे कठीण होते. आणि निघून गेलेच, तर दुसऱ्या संध्याकाळी पापांगीकाराच्या वेळी ती गोष्ट समोर उभी राहते. म्हणजे प्रार्थनेचे चार भाग ओळीने मांडलेले असले तरी प्रत्यक्षात ते एकमेकांना दिवसभर पकडून ठेवतात.

या घरगुती उपासनेला मराठी वळण कसे लाभले याचा इतिहास सीमेपलीकडच्या नगर शहरात सापडतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला केंद्र उघडले, आणि पुढच्या दशकांत आसपासच्या खेड्यांतील प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतील कुटुंबे ख्रिस्ती मंडळीत आली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि १९४८ पर्यंत राहिले. निजामाच्याच मुलखात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची जुनी पद्धत ख्रिस्ती आशयासाठी वापरली, आणि पुढे नारायण वामन टिळकांनी भजनाला आणि अभंगाला ख्रिस्ती उपासनेत कायमचे स्थान दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक स्वतःला तुकारामाचे ऋणी मानत आणि ख्रिस्तापर्यंत पोचण्याची आपली वाट त्या संतकवीकडून गेल्याचे सांगत. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसमुदाय कल्पिला. १९१९ मध्ये ते निवर्तल्यामुळे तो फार वाढला नाही, तरी भक्तीला मंडळीच्या सभासदत्वापलीकडे नेण्याचा त्यातील विचार या प्रदेशाच्या स्वभावाला धरून होता. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या आहेत, आणि वारकरी भजनाची चाल येथील प्रत्येक समाजाच्या कानाला परिचित आहे. म्हणून टाळ-पेटीवर म्हटले जाणारे ख्रिस्ती भजन शेजाऱ्याला परके वाटत नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या भक्तीची दुसरी बाजू, म्हणजे घरात आणलेली परकी लेकरे, आजारी माणसे आणि त्यांच्यासाठी शिजवलेले अन्न, अधिक स्पष्टपणे दिसते. तिथे देवाविषयीचे विवेचन थोडे आहे आणि दार उघडण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. तरीही, किंवा त्यामुळेच, मराठी ख्रिस्ती अध्यात्माचा तो सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज ठरतो.

दैनंदिन कामात देवाचे सान्निध्य ओळखण्याचा विचार युरोपातही वेगवेगळ्या रूपांनी मांडला गेला, आणि त्यांपैकी दोन रूपे येथील प्रघात समजून घेण्यास उपयोगी पडतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक अल्पशिक्षित बंधू स्वयंपाकघरात काम करीत आणि पुढे मठवासीयांच्या चपला दुरुस्त करीत. १६९१ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यानंतर त्यांची पत्रे आणि संभाषणे प्रसिद्ध झाली, आणि देवाच्या सान्निध्याचा सराव ही कल्पना त्यांच्या नावाशी जोडली गेली. प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि भांडी घासण्याची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, हे त्यांच्या सांगण्याचे सार होते. दुसरे रूप इग्नेशियस लोयोला यांचे. जेझुइट संघाच्या या सोळाव्या शतकातील संस्थापकाने आपल्या अनुयायांना दिवसातून दोनदा थांबून दिवसाचे पुनरावलोकन करण्यास सांगितले. कृतज्ञतेने आरंभ करणे, पाहण्यासाठी प्रकाश मागणे, दिवस प्रहराप्रहराने मनासमोर आणणे, जेथे चुकले तेथे क्षमा मागणे आणि उद्याचा एक निश्चय करणे, असा त्याचा क्रम आहे. या क्रमातील दुसरी पायरी सर्वाधिक महत्त्वाची आहे, कारण तीत असे गृहीत धरले आहे की माणूस स्वतःच्या दिवसाचा भरवशाचा साक्षीदार नसतो. राग, भीती आणि आत्मप्रौढी यांमुळे त्याला आपलाच दिवस वेडावाकडा दिसतो, आणि म्हणून नीट पाहता येणे हेही मागून घ्यावे लागते. आष्टी किंवा पाटोदा तालुक्यातील घरात इग्नेशियसचे नाव कोणी उच्चारत नाही, परंतु उपकारस्मरण आणि पापांगीकार यांच्या जोडीने तेथे जे घडते ते याच जातीचे काम आहे.

सेवेच्या बाजूने या साधनेचा सर्वांत सखोल प्रयोग जामखेडला झाला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले, १९६० मध्ये विवाह करताना खेड्यातील गरिबांची सेवा करण्याचा निश्चय केला, आणि नगर जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की उपचार घेऊन घरी गेलेला रोगी थोड्या महिन्यांनी त्याच रोगाने परत येतो, कारण रोगाचे मूळ गावच्या पाण्यात, भुकेत आणि बायकांच्या हलाखीत आहे. सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेऊन ते १९७० मध्ये जामखेडला आले आणि एका जुन्या, वापरात नसलेल्या जनावरांच्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केले. या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची कीर्ती पुढे फार दूर गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका प्रसिद्ध ग्रंथात त्याचा समावेश झाला, १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि गावातील स्त्रीनेच गावाचे आरोग्य सांभाळावे ही त्यांची पद्धत नंतरच्या अनेक योजनांच्या पाठीशी राहिली. प्रस्तुत विवेचनात महत्त्व आहे ते या प्रयोगात पाहण्याची जी शिस्त घडली तिला.

आरंभी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा विचार होता, परंतु बाहेरून आलेल्या एकट्या स्त्रीला गावात राहणे अवघड जाई आणि गावाचाही तिच्यावर विश्वास बसत नसे. मग गावातीलच एक स्त्री निवडावी असे ठरले, आणि निवडलेल्यांत बहुतेक जणी निरक्षर, पुष्कळ जणी दलित आणि काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. या ग्राम आरोग्य सेविका ठरलेल्या दिवशी जामखेडला जमत, शिकत, मागच्या आठवड्यातील अनुभव सांगत आणि परत जाऊन घरोघर फिरत. त्यांच्या कामाचे निरीक्षण केले असता असे दिसते की औषधापेक्षा त्यांचा भर पाहण्यावर असतो. हगवण लागलेल्या लेकराजवळ सेविका बसते तेव्हा ती प्रथम त्याच्या डोळ्यांकडे पाहते की ते खोल गेले आहेत काय. टाळूवरून बोट फिरवून ती आत ओढली आहे काय हे तपासते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडते आणि ती पूर्ववत होण्यास वेळ लागतो काय ते बघते. ग्रामीण भागात ‘टाळू पडली’ म्हणून लेकराच्या तोंडात बोट घालून टाळू वर उचलण्याचा जो प्रघात होता, त्याच्याशी सेविका वाद घालत नाही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी ती आईच्याच हातून लेकराला घोटाघोटाने पाजविते, आणि पाणी शरीरात भरले की टाळू आपोआप वर येते हे आईला बोटाने चाचपून पाहू देते. वजनाचा काटा आढ्याला किंवा झाडाच्या फांदीला टांगून झोळीत मूल ठेवले जाते आणि वजनाचा ठिपका तक्त्यावर मांडला जातो. मागचा ठिपका आणि आजचा ठिपका यांतील रेघ खाली झुकली असेल तर त्या घरात काय शिजते, कोण आधी जेवते आणि मुलीला उरलेले मिळते काय, याची चौकशी सुरू होते. कुष्ठरोगाच्या बाबतीत फिकट, बधिर चट्टा ओळखणे आणि तो ओळखल्यावर माणसाला घरातच ठेवून उपचार चालू करणे, हेही याच कामात येते. आरोळे दांपत्याने कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत न उभारता त्यांना सर्वसाधारण रुग्णांबरोबरच वागवले.

१९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदण्याचे काम या प्रकल्पाने हाती घेतले, तेव्हा त्या दलित वस्तीत खोदल्या जातील अशी योजना करण्यात आली. परिणामी ज्या वस्तीकडे गावातील सवर्ण बायका वर्षानुवर्षे फिरकल्या नव्हत्या तेथेच त्यांना घागर घेऊन यावे लागले. ख्रिस्ती अध्यात्माच्या दृष्टीने पाहता ही योजना एखाद्या प्रवचनाहून थोर आहे, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानातील राजा ज्या ठिकाणी उभा असल्याचे सांगतो त्या ठिकाणी साऱ्या गावाला नेण्याची सोय तीत होती. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. दोन-अडीच दशकांत हे प्रमाण त्याच्या एक-पंचमांशाहूनही खाली आले. मुक्ताबाई पोळ यांच्यासारखी एक ग्रामीण सेविका पुढे वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत व्यासपीठावर उभी राहून बोलली.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. या सेविकांपैकी बहुसंख्य ख्रिस्ती नव्हत्या, त्यांना ख्रिस्ती करण्याचा प्रकल्पाचा हेतू नव्हता, आणि त्यांची प्रार्थना आपापल्या देवापुढे होत असे. मग या कामाला ख्रिस्ती सान्निध्याचा अनुभव म्हणणे कितपत योग्य आहे? त्याचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागते. ज्यांनी काम उभारले त्यांच्या बाजूने ते निःसंशय ख्रिस्ती प्रार्थनेतून निघालेले काम होते. मेबल आरोळे यांचे वडील जबलपूरच्या ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयात नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे अध्यापक होते, आणि विवाहसमयीचा तो निश्चय देवापुढे केलेली प्रतिज्ञा म्हणून दोघांनीही आयुष्यभर पाळला. परंतु त्या प्रार्थनेची परिणती म्हणून त्यांना जे दिसले ते असे की देव आपल्या आधीच या बायकांजवळ आहे आणि त्यांच्या शहाणपणातून, सोसण्यातून व धैर्यातून काम करीत आहे. ज्याने हे पाहिले त्याला दुसऱ्याचा धर्म बदलण्याची घाई उरत नाही, आणि आपण देवाला गावात घेऊन आलो असा आवही त्याला आणता येत नाही. सेवेचा वापर धर्मप्रसाराचे साधन म्हणून झाल्याची उदाहरणे मिशनांच्या इतिहासात आहेत, आणि त्यांच्यावर झालेली टीका योग्य होती. जामखेडचा मार्ग वेगळा ठरला तो या पाहण्यामुळे.

बीड जिल्ह्यात आज या साधनेपुढे सर्वांत कठीण प्रसंग ऊसतोडीचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात जातात. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे हिशोबात दोन माणसांचे एक हत्यार होते, आणि बाई एक दिवस आजारी पडली तर दोघांचाही खाडा धरला जातो. फडाजवळ पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्यांत संसार मांडला जातो, पहाटे अंधारात तोड सुरू होते, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरल्या जातात आणि वाहन आले की रात्रीही उठावे लागते. पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही. २०१९ मध्ये ऊसतोड स्त्रियांचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजल्यानंतर शासनाने केलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले असल्याचे आढळले, आणि त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायकाही होत्या. इतक्या स्त्रियांच्या शरीरावर शस्त्रक्रिया होत असताना गावाच्या, दवाखान्यांच्या, शासनाच्या आणि धर्मसंस्थांच्या ते वर्षानुवर्षे ध्यानात आले नाही, हे लक्ष नसण्याचे भीषण उदाहरण आहे, आणि प्रार्थना करणाऱ्या समाजालाही त्यातून वगळता येत नाही.

ज्या ख्रिस्ती कुटुंबांना कोयता उचलावा लागतो त्यांचा नाताळ भर हंगामात, फडावरच येतो. चर्च नाही, पाळक नाही, नवे कपडे नाहीत. रात्री कोपीसमोर चार घरची माणसे बसतात, मोबाइलवरून गीत लागते किंवा कोणीतरी स्वतः म्हणते, आणि प्रार्थना होते. गोठ्यात जन्मलेल्या आणि जन्मताच परागंदा व्हावे लागलेल्या येशूची कथा या परिस्थितीत वेगळ्या स्पष्टतेने कळते, हे खरे. परंतु कोपीतल्या दारिद्र्याला बेथलेहेमच्या गोठ्याची उपमा देऊन समाधान मानणे हा मोठा मोह आहे आणि तो टाळला पाहिजे. सान्निध्याची भाषा दुःखावर पांघरूण घालण्यासाठी वापरली गेली की ती प्रार्थना राहत नाही. देव कोपीत आहे असे जो म्हणतो त्याच्यावर कोपीत पाणी, दिवा आणि आडोसा आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी येते.

याच्याच जोडीचा आणखी एक धोका सेवा करणाऱ्याच्या मनात असतो. गरिबाच्या ठायी ख्रिस्त पाहायचा म्हणून गरिबाकडे जाणारा माणूस कित्येकदा स्वतःच्या अनुभवाकडेच पाहत राहतो, आणि समोरची व्यक्ती त्याच्या भक्तीचे निमित्त होऊन बसते. तिचे नाव, तिचा संताप, तिची नकार देण्याची मुभा या गोष्टी त्याला अडचणीच्या वाटू लागतात. मत्तयाच्या त्या अध्यायात यावर उतारा आहे, कारण तेथे सेवा करणाऱ्यांना आपण राजाची सेवा करीत आहोत हे माहीतच नव्हते. त्यांना फक्त तहानलेला माणूस दिसला आणि त्यांनी पाणी दिले. म्हणून अनुभवी सेवक सेवा करीत असताना देवाच्या जाणिवेचा आग्रह धरत नाहीत. त्या वेळी पूर्ण लक्ष लेकराच्या टाळूकडे असावे, आणि देव तेथे होता याची ओळख संध्याकाळच्या प्रार्थनेत, दिवस मागे वळून पाहताना पटली तर पटावी. पुष्कळदा ती पटत नाही. महिनोन्महिने प्रार्थना कोरडी जाते, शब्द तेच राहतात आणि आत काही हलत नाही. ख्रिस्ती परंपरेतील थोर साधकांनी या अवस्थेचे वर्णन केले आहे आणि तिला अपयश म्हटलेले नाही. अशा काळात घरोघर जाण्याचा नेम मोडला नाही तर प्रार्थनाही मोडत नाही, आणि नेम मोडला तर उत्तम शब्दांची प्रार्थनाही पोकळ होते, असे या कामातील माणसांच्या आयुष्यक्रमावरून म्हणता येते.

घरच्या मंडळीने मध्यस्थीत ज्यांची नावे घ्यायची तेच लोक सहा महिने शे-दोनशे कोसांवर असतात, ही ऊसतोडीच्या हंगामातील व्यावहारिक अडचण आहे, आणि ती सोडवण्याची साधने ख्रिस्ती समाजाच्या हाती आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या ज्या साखरपट्ट्यात बीडच्या टोळ्या जातात तेथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या काळापासूनच्या जुन्या मंडळ्या आहेत, आणि १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेले मिरजेचे मिशन रुग्णालय त्याच मिशनच्या वैद्यकीय सेवेतून निघाले. आष्टी, पाटोदा किंवा शिरूर कासारच्या मंडळीने हंगामाच्या आरंभी टोळ्यांबरोबर जाणाऱ्या गरोदर बाया, लहान लेकरे आणि क्षयाची औषधे चालू असलेले रोगी यांची यादी, धर्म न विचारता आणि त्यांच्या संमतीने, त्या भागातील मंडळीच्या पाळकाकडे आणि सरकारी आरोग्य केंद्राकडे पाठवली, आणि तेथील मंडळीने रविवारच्या उपासनेनंतर फडावर एक फेरी ठेवली, तर मध्यस्थीतील नावांना चेहरे मिळतील आणि बाळंतपण कोपीत होण्याऐवजी दवाखान्यात होण्याची शक्यता वाढेल. चैत्र-वैशाखात टोळ्या परतल्यावर तीच यादी पुन्हा हातात घेऊन लसीची कार्डे, लेकरांची वजने आणि बायकांच्या तक्रारी तपासता येतील, आणि ओटीपोट दुखते म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या बाईला दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यासाठी अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयापर्यंत सोबत करता येईल.